प्रोटिया : डीएपीने मरणारे फूलझाड

२ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर महिलांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला आणि भारताने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवले. सामना चालू असताना समालोचक समोरच्या संघाला सारखे 'प्रोटियाज' म्हणत होते. त्या मुलींच्या शर्टावर कमळासारखे दिसणारे, पण कमळ नव्हे, असे एक फूल होते. ते दक्षिण आफ्रिकेचे राष्ट्रीय फूल, किंग प्रोटिया. वर्णभेदाची राजवट गेल्यावर तिथल्या क्रिकेट संघाने स्प्रिंगबॉक हरणाचे जुने चिन्ह सोडले आणि हे फूल छातीवर घेतले. रग्बीवाल्यांनी मात्र हरीण सोडले नाही.

क्रिकेटच्या निमित्ताने का होईना, हे नाव आता खेड्यापाड्यांत पोहोचले आहे. त्यात मोबाईलवर फिरणारी चित्रे आहेतच. वीतभर, कधी त्याहूनही रुंद गुलाबी फूल, दोन-तीन आठवडे फुलदाणीत टिकणारे, परदेशात एकेका दांड्याला भाव मिळणारे. मग प्रश्न सुरू होतात. "साहेब, आपल्याकडं होईल का? एकरी किती रोपं बसतील?" विचारण्यात गैर काहीच नाही. नवे पीक शोधणारा शेतकरी आहे म्हणूनच आज सातारा जिल्ह्यात स्ट्रॉबेरी आहे आणि मावळात गुलाबाची पॉलिहाऊस उभी आहेत. पण शेतकरी बंधू-भगिनींनो, या झाडाचा स्वभाव आपल्या साऱ्या शेतीच्या सवयीच्या नेमका उलटा आहे. आपण पिकाला जे जे प्रेमाने करतो, खत घालतो, खुरपतो, भर लावतो, पाट भरून पाणी देतो, त्यातल्या बहुतेक गोष्टींनी हे झाड मरते. म्हणून रोपांच्या ऑर्डरवर सही करण्याआधी ते नीट समजून घ्यावे, एवढ्यासाठी हा लेख.

केपच्या डोंगरातले झुडूप

प्रोटिया हे एका झाडाचे नाव आहे आणि एका मोठ्या कुळाचेही. या कुळात सोळाशेहून अधिक जाती आहेत आणि त्यातल्या बहुतेक दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलिया या दोन देशांत आहेत. कवचाचे महागडे मॅकाडेमिया हे त्याच कुळातले. पाचगणीच्या रस्त्यांवर उंच वाढलेला सिल्व्हर ओक, तोही त्यातलाच. म्हणजे या घराण्याशी आपली ओळख अगदीच नाही असे नाही, पण त्याबद्दल नंतर.

फुलांसाठी लावले जाणारे खरे प्रोटिया दक्षिण आफ्रिकेच्या नैर्ऋत्य टोकाचे, केप टाऊनच्या आसपासच्या डोंगरांतले. तिथल्या झुडपी रानाला 'फेनबॉस' म्हणतात. क्षेत्र लहान, पण त्या भागात नऊ हजारांच्या आसपास वनस्पती आहेत आणि त्यातल्या दोन-तृतीयांशाहून अधिक जगात दुसरीकडे कुठेच नैसर्गिकरीत्या उगवत नाहीत. जमीन कसली म्हणाल, तर वालुकाश्म झिजून झालेली रेताड, आम्लधर्मी आणि अन्नद्रव्यांच्या बाबतीत पार कफल्लक. आपल्याकडे अशा जमिनीला कोणी खंडानेसुद्धा घेणार नाही. पाऊस हिवाळ्यात, म्हणजे तिथल्या मे ते ऑगस्टमध्ये, थंडीबरोबर येतो. उन्हाळा कोरडा आणि भन्नाट वाऱ्याचा. दहा-वीस वर्षांनी रानाला वणवा लागतो.

हा वणवा या झाडांना शत्रू नाही. किंग प्रोटियाच्या बुडाशी जमिनीत एक जाड लाकडी गड्डा असतो. वरचे सगळे जळून गेले तरी त्यातून नवे कोंब फुटतात. दुसऱ्या काही जाती जळून मरतात, पण त्यांचे बी बंद बोंडांत साठवलेले असते. आग गेल्यावर बोंडे उकलतात आणि बी राखेत पडते. पिनकुशन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जातीचे बी तर मुंग्या ओढून वारुळात नेतात, आणि तिथे ते पुढच्या वणव्यापर्यंत सुरक्षित राहते. परदेशातून आलेल्या अर्जेंटिनी मुंग्यांनी तिथल्या मूळ मुंग्यांना हुसकावले, तिथे बी उघड्यावर पडून उंदरांच्या तोंडी जाऊ लागले. एका झुडपाचा संसार किती नाजूक धाग्यांवर उभा असतो बघा.

फुलाबद्दलही एक गोष्ट. आपल्याला जी मोठी रंगीत पाकळी वाटते ती पाकळी नव्हे. बोगनवेलीला जशी रंगीत पाने असतात, तशी ती पाने आहेत. खरी फुले आत मध्यभागी दाटीने असतात, सूर्यफुलाच्या तबकासारखी. किंग प्रोटियाचे तबक एक फुटापर्यंत रुंद होते, झुडूप मात्र माणसाच्या उंचीच्या वर क्वचितच जाते.

मुळांत सगळी गोम आहे

आता मुद्द्याचे. वनस्पतीला स्फुरद लागते हे तुम्हाला कृषी सहायकाने दहादा सांगितलेले आहे. प्रोटियालाही लागते, पण चिमूटभर. फेनबॉसच्या जमिनीत स्फुरद इतके कमी आहे, आणि जे आहे ते लोहाशी आणि ॲल्युमिनियमशी इतके घट्ट बांधलेले आहे, की साध्या मुळांना ते मिळणारच नाही. म्हणून या कुळाने वेगळी मुळे तयार केली. जमिनीच्या अगदी वरच्या थरात, पालापाचोळ्याच्या खालोखाल, बाटली घासायच्या ब्रशसारखे बारीक मुळांचे झुपके फुटतात. हे झुपके सायट्रिक आणि तत्सम आम्ले जमिनीत सोडतात आणि बांधलेले स्फुरद सोडवून घेतात. काम झाले की झुपका वाळतो, पुन्हा पाऊस आला की नवा फुटतो.

आपल्यालाही हे तत्त्व परके नाही. तुरीची मुळे पिसिडिक आम्ल सोडून लोहाशी बांधलेले स्फुरद मोकळे करतात, हे हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेतल्या संशोधनातून १९९० मध्ये पुढे आले. हलक्या लाल रानात बिनखताची तूर तग धरते त्याला हेही एक कारण. तुरीला आपण वर स्फुरद घातले तरी ती खुशाल घेते. प्रोटियाचे तसे नाही. हजारो वर्षे उपाशी राहिलेल्या या झाडाला 'पुरे' म्हणता येत नाही. समोर स्फुरद आले की मुळे ते ओढतच राहतात, पानांत साठत जाते आणि तेच विष होते.

ही विषबाधा दिसते कशी? पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, मग पानांची टोके आणि कडा करपतात आणि शेवटी झुडूप उभेच्या उभे वाळते. वाचून काही आठवले का? उसावर, भुईमुगावर चुनखडीच्या रानात येणारा केवडा असाच दिसतो. केवडा हा लोहाच्या कमतरतेचा, आणि प्रोटियातसुद्धा जादा स्फुरद लोहाची वाट अडवते. आपल्या शेतकऱ्याच्या हाताखाली पुढे काय होईल ते सांगायला ज्योतिषी नको. पान पिवळे दिसले की दुकानदार म्हणणार, "खत कमी पडलंय, मालक." मग डीएपी किंवा १०:२६:२६ पडणार. डीएपीत स्फुरद ४६ टक्के. म्हणजे विषबाधा झालेल्याला आणखी विष. आणि रसायन नको म्हणून सेंद्रियवाला हाडांचा चुरा नाहीतर कोंबडीखत टाकेल, त्यातही स्फुरदच भरपूर. फळझाडांसाठी खड्डा भरताना किलो-दीड किलो सुपर फॉस्फेट घालायची आपली ठरलेली रीत आहे. ती प्रोटियाला लावली तर झाड खड्ड्यात नव्हे, थडग्यात लावले असे समजा.

तिकडचा शेतकरी कशी काळजी घेतो

प्रोटिया केवळ रानात तोडले जाते असे नाही. दक्षिण आफ्रिकेत अजूनही बरीच फुले आणि हिरवा पाला खासगी डोंगरांतून, रानातूनच तोडला जातो, आणि किती तोडायचे, किती बी राहू द्यायचे यावर तिथे गंभीर विचार चालतो. पण निर्यातीचा चांगला माल लागवडीतून येतो. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅलिफोर्निया, हवाई, पोर्तुगाल, इस्राएल, झिंबाब्वे इथेही लागवड आहे.

लागवडीसाठी उताराची, उन्हाची, वारा खेळणारी जागा निवडतात. वारा कोंडला की पानांवर बुरशी आलीच. जमिनीचा सामू साधारण ५ ते ६. माती परीक्षणात स्फुरद जास्त निघाले तर ती जागाच सोडून देतात. पूर्वी द्राक्ष-बटाटा केलेल्या, वर्षानुवर्षे खत खाल्लेल्या रानात प्रोटिया लावत नाहीत. आपल्याकडे 'चांगली कमावलेली जमीन' ही भूषणाची गोष्ट, तिथे या झाडासाठी तीच अडचण. लागवड पाऊस सुरू होण्याच्या तोंडाशी, म्हणजे तिथल्या एप्रिल-मेच्या सुमारास करतात. ओळीत रोपांमध्ये सुमारे एक मीटर आणि दोन ओळींत तीन ते चार मीटर असे अंतर ठेवतात, म्हणजे वारा फिरतो आणि यंत्र जाते.

पहिले दोन उन्हाळे ठिबकने बेताचे पाणी. पुढे झुडूप बसले की पाण्याची गरज कमी होते, पण फुलांची लांबी आणि आकार हवा असेल तर थोडे द्यावेच लागते. खुरपणी नाही. मुळांचे झुपके वरच्या दोन-चार बोटांच्या मातीत असतात, खुरपे लागले की ते तुटतात आणि जखमेतून बुरशी शिरते. तण हाताने उपटायचे किंवा ओळींमधले गवत कापून तिथेच पसरायचे. लाकडाच्या भुशाचे किंवा चिप्सचे आच्छादन करतात, खोडाला मात्र चिकटू देत नाहीत. खत द्यायचेच तर अमोनियम स्वरूपातले थोडे नत्र, थोडे पालाश, तेही पाण्यातून अगदी पातळ. स्फुरद शून्याच्या जवळ. मेलेले झाड मुळासकट उपटत नाहीत, बुडाशी कापतात, कारण ओढताना शेजारच्या झाडाची मुळे दुखावतात.

छाटणी म्हणजे वेगळे काही काम नसते, फुलाची तोडणी हीच छाटणी. इथे मजुराला शिकवावे लागते. दांडा लांब मिळावा म्हणून खाली जुन्या उघड्या लाकडापर्यंत कापले तर बऱ्याच जातींत त्या फांदीला पुन्हा डोळा फुटत नाही. म्हणून खाली वीत-अर्धी वीत हिरव्या पानांची फांदी सोडून कापतात. किंग प्रोटियाचे ठीक आहे, गड्ड्यातून फुटते. बाकीच्यांना ही मुभा नाही.

रोपे बियांपासूनही होतात आणि फांदीच्या कलमांपासूनही. बी उगवायला दिवस-रात्रीच्या तापमानातला फरक लागतो, आणि काही जातींना चक्क धूर लागतो. केप टाऊनच्या किर्स्टनबॉश उद्यानात, जे १९१३ पासून तिथल्या देशी वनस्पतींसाठीच राखलेले आहे, धुराचे पाणी शोषलेला कागद बियांसाठी तयार करून देतात. वणव्याची आठवण करून द्यायची, बस्स. व्यापारी लागवड मात्र कलमांची. त्या-त्या हंगामातली अर्धवट पक्व फांदी, संजीवकात बुडवून, धुक्याच्या फवाऱ्याखाली, रेताड माध्यमात. मुळ्या फुटायला दोन-तीन महिने जातात. पहिले विक्रीयोग्य फूल तिसऱ्या-चौथ्या वर्षी. झुडूप चांगले जगले तर दहा-पंधरा वर्षे उत्पन्न देते.

तोडल्यानंतरही एक दुखणे आहे. फूल ताजे असते, पण खालची पाने चार-पाच दिवसांत काळी पडतात. फुलाला लागणारी साखर पानांतून ओढली जाते, म्हणून हे होते. त्यासाठी तोडल्याबरोबर पाण्यात ठेवणे, ताबडतोब थंड करणे, साखरेचे द्रावण आणि उजेड देणे, असे उपाय करतात. पान काळे पडले की बाजार फुलाकडे बघत नाही. शीतगृह आणि विमान यांची साखळी नसेल तर दांडा कितीही लांब असो, उपयोग नाही.

आपल्या जमिनी, आपला पाऊस

आता आपल्या जिल्ह्याचाच विचार करू, कारण इथे महाराष्ट्रातल्या तिन्ही तऱ्हा आहेत.

माण, खटाव, फलटणकडे मुरमाड आणि मध्यम काळ्या जमिनी, सामू साडेसात ते साडेआठ, मातीत मुक्त चुनखडी. विहिरीच्या पाण्यात क्षार. अशा जागी प्रोटियाला स्फुरद न घालताही केवडा पडेल. गंधक घालून सामू उतरवू म्हणाल, तर चुनखडी आहे तोवर गंधक घालत राहा, पाणी पुन्हा सामू वर नेईल. इस्राएलमध्ये चुनखडीच्या जमिनीसाठी खुंटावर कलमे करण्याचे काम झाले आहे. द्राक्षाला आपण डॉगरिजचा खुंट वापरतो त्यातलाच प्रकार. पण तो खुंट, ती जात आणि ते तंत्र हातात असल्याशिवाय नुसते साधे रोप आणून तिथे लावणे म्हणजे पैसे मातीत पुरणे.

कराड, कोरेगावचा ऊसपट्टा तर बोलायलाच नको. काळी भारी जमीन, निचरा मंद, आणि पिढ्यान्पिढ्या सुपर फॉस्फेट खाल्लेली.

राहिला महाबळेश्वर, जावळी, पाटणचा डोंगरपट्टा. इथे गोष्ट जरा विचारात घेण्यासारखी आहे. जांभ्याची लाल माती आम्लधर्मी आहे, स्फुरद कमी आहे, उंची तेराशे मीटरच्या आसपास, थंडी चांगली. कागदावर जमते. पण पाऊस? महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलीमीटरच्या वर, आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. पाऊस उन्हाळी आहे हा एकटा अडसर नाही, कारण झिंबाब्वेच्या पठारावरही पाऊस उन्हाळीच असतो आणि तिथे प्रोटिया होते. हवाईतल्या माउई बेटावर तर हलेआकाला ज्वालामुखीच्या उतारावर त्याच्या बागा आहेत. अडसर आहे तो महिनोन्‌महिने ओल्या राहणाऱ्या उबदार मातीचा.

कारण प्रोटियाचा सर्वांत मोठा मारेकरी फायटोप्थोरा नावाची बुरशी आहे. तिचे भाऊबंद तुम्हाला माहीत आहेत. नागपुरी संत्र्याला डिंक्या याच जातकुळीच्या बुरशीने होतो, आणि पानमळ्यात वेल मरतो तोही हिच्यामुळे. ही बुरशी पाण्यातून पोहत जाते, ओली आणि कोमट माती तिला मानवते, आणि आपला जुलै-ऑगस्ट म्हणजे तिची लग्नसराई. पश्चिम ऑस्ट्रेलियात या बुरशीने प्रोटियाच्या भावकीतली बँक्सियाची रानेच्या राने उभी वाळवली, तेव्हा आपला एक एकर ती सोडेल असे समजू नका. संत्र्यात निदान रंगपूर लिंबाचा खुंट आहे, बोर्डो पेस्ट आहे, वर्षांचा अनुभव आहे. प्रोटियात आपल्यापाशी यातले काहीच नाही.

माझे मत विचाराल तर पाचगणीकडे, जिथे पाऊस महाबळेश्वरच्या निम्म्याहून कमी होतो, उताराच्या निचऱ्याच्या जागी, उंच गादीवाफ्यावर याचा प्रयोग व्हायला हरकत नाही. पण तो संस्थेने करावा. पुण्यात केंद्र सरकारचे पुष्पविज्ञान संशोधन संचालनालय आहे, महाबळेश्वरात राहुरी विद्यापीठाचे गव्हाच्या तांबेऱ्यावरचे संशोधन केंद्र आहे. चार-पाच पावसाळे काढून रोपे तगली तर ते शिफारस करतील. शेतकऱ्याने सोसायटीचे कर्ज काढून हा प्रयोग करायचे कारण नाही.

फूल विकणार कोणाला?

समजा झाले. बाजाराचे काय? आपली फुलशेती पंचांगावर चालते. झेंडू दसरा-दिवाळीला, शेवंती गणपतीला, गुलाब लग्नसराईला. भाव पडला तरी देवाला फूल लागतेच, म्हणून सुट्या फुलांना तळ आहे. प्रोटियाला कोणताही सण नाही. त्याचा हार होत नाही, देव्हाऱ्यात ते मावत नाही. मोठ्या शहरांतली हॉटेले, बड्या लग्नांची सजावट आणि चार पुष्पगुच्छवाले, एवढेच त्याचे गिऱ्हाईक, आणि ते आयात केलेला एकसारखा माल मागतात. दादरच्या किंवा मार्केट यार्डातल्या फूलबाजारात तुम्ही शंभर दांडे घेऊन उतरलात तर आडत्या पहिल्यांदा विचारील, "हे काय आहे?"

आणि निर्यात? तिथे ज्यांचे घर आहे त्यांच्याशी स्पर्धा. त्यांची जमीन फुकट खत न मागणारी, त्यांच्या जाती पैदासकारांच्या हक्काने संरक्षित, त्यांचे गिऱ्हाईक युरोपात पन्नास वर्षांचे. त्यांनाही सोपे नाही. २०१५ ते २०१८ दरम्यान केपमध्ये असा दुष्काळ पडला की केप टाऊन शहराचे नळ बंद करायची तारीख मोजली जात होती. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने दक्षिण आफ्रिकेच्या मालावर ३० टक्के शुल्क लावले. एवढे सोसूनही ते टिकून आहेत, कारण झाड त्यांच्या मातीचे आहे.

सही करण्यापूर्वी

नव्या पिकाच्या नावाखाली काय काय झाले हे आपल्याला नवीन नाही. सफेद मुसळी आली, व्हॅनिला आला, जट्रोफा आला, इमू आले. त्यातले प्रत्येक पीक किंवा पक्षी कुठेतरी खरोखर चालत होता, खोटे काहीच नव्हते. पण आपल्याकडे पैसा प्रामुख्याने कंद, रोपे आणि पिल्ले विकणाऱ्यांनीच केला. पुढचा शेतकरी हाच मागच्या शेतकऱ्याचा बाजार होता. तो संपला तेव्हा खरेदीची हमी देणाऱ्यांचे फोन लागेनात. म्हणून उद्या कोणी 'राष्ट्रीय फूल' म्हणून चकचकीत पुस्तिका घेऊन चावडीवर आला तर त्याला काही गोष्टी बेधडक विचाराव्यात. रोप बियांचे की कलमाचे, खुंट कोणता? हीच जात महाराष्ट्रात कोणाच्या शेतात तीन पावसाळे जगली, ते शेत दाखवता का? परदेशातून रोप आणले असेल तर २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशाप्रमाणे आयात परवाना आणि तिकडच्या सरकारचे रोगमुक्ततेचे प्रमाणपत्र कुठे आहे? नसेल तर तुमच्या शेतात झाडाबरोबर रोगही चोरून येतोय. आणि फेरखरेदीचा करार असेल तर भाव, प्रत, न घेतल्यास भरपाई आणि तक्रार कोणत्या न्यायालयात, हे मराठीत लिहून मागा.

ग्रामसेवक, तलाठी आणि सरपंच मंडळींनी एक ध्यानात ठेवावे. रोपवाटिकांचा आपला १९६९ चा कायदा फळरोपवाटिकांचा आहे. शोभेच्या झाडाचे रोप फसवे निघाले तर त्या कायद्याने काही होत नाही, ग्राहक आयोगाकडेच जावे लागते, आणि तिथे पक्की पावती लागते. तेव्हा ग्रामसभेत कोणी अशा योजनेची जाहिरात करायला परवानगी मागितली तर आधी कागद बघावेत.

हौसेला वाव आहे

शेतीसाठी नको म्हटले म्हणून हौसही मारावी असे नाही. माझी वसुंधरा अभियानात गावोगाव बागा होत आहेत, आणि तिथे काही वेगळे लावावे असे सरपंचांना वाटते. प्रोटियाच्या घराण्यातले आपल्याकडे रुळलेले झाड म्हणजे सिल्व्हर ओक. मूळचा पूर्व ऑस्ट्रेलियाचा, पाचगणी वसवणाऱ्या जॉन चेसन यांनी गेल्याच्या आधीच्या शतकात तिथे लावला. निलगिरीत चहाला, कुर्गात कॉफीला त्याची सावली आणि मिरीच्या वेलाला त्याचे खोड मिळते. घराण्यातला हा सर्वांत सोशिक. उन्हाळ्यात त्याला फणीसारखे सोनेरी-नारिंगी तुरे येतात आणि मधमाश्या तुटून पडतात. मात्र लाकूड ठिसूळ, फांदी वाऱ्याने मोडते, म्हणून शाळेच्या इमारतीला किंवा विजेच्या तारेला खेटून लावू नये.

झुडूपच हवे तर त्याचे धाकटे भावंड, लाल तुऱ्यांचे ग्रेव्हिलिया, भारतातल्या बागांत दिसते. शास्त्रीय नावात 'बँक्सी' असते, रोपवाटिकेत तसे विचारावे. हेही ऑस्ट्रेलियाचेच. त्याचे केस काहींच्या कातडीला खाजवतात, तेव्हा अंगणवाडीच्या दाराशी नको. हवाई आणि मादागास्करमध्ये ते रानात पसरून तण झाले आहे. घाणेरी आणि गाजरगवत पाहिलेल्या आपण ही गोष्ट हलक्यात घेऊ नये, म्हणून ओढ्याकाठी किंवा वनखात्याच्या हद्दीला लागून लावू नये आणि वाळलेली बोंडे बी पडण्याआधी छाटावीत.

लावायचे तर पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबरच्या शेवटी. जागा दिवसभर उन्हाची. काळ्या मातीच्या गावात सरळ मोठ्या कुंडीत किंवा दीड फूट उंच ओट्यात लावावे. तांबडी माती दोन भाग, जाड वाळू एक भाग, धुतलेला कोकोपीट किंवा कुजलेला पाला एक भाग. शेणखत मूठभराच्या वर नको, सुपर फॉस्फेट आणि हाडांचा चुरा अजिबात नको. रोपवाटिकेच्या पिशवीतली माती सुटी करायला जाऊ नये, गड्डा आहे तसाच बसवावा. वर दोन बोटे वाळलेल्या पानांचे आच्छादन, खोडापासून चार बोटे दूर. पाणी वरची माती सुकल्यावरच. जमल्यास साठवलेले पावसाचे, कारण बोअरच्या खाऱ्या पाण्याने वर्षभरात पान पिवळे पडू लागेल. तसे झाले तर खताच्या दुकानात न जाता आधी मातीचा सामू तपासून घ्यावा, आणि लोहाचे चिलेट फवारून पाहावे. तुरे वाळले की प्रत्येक फांदी पानांच्या हद्दीत एक-तृतीयांश कमी करावी. भोवती खुरपे चालवू नये. ग्रामपंचायतीने बागेचे कंत्राट दिले असेल तर माळ्याला हे आधीच सांगून ठेवावे, कारण अंदाजपत्रकात प्रत्येक झाडाला सुपर फॉस्फेट लिहिलेले असते आणि माळी ते इमानदारीने घालतो.